तयार उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — ती जाऊन आता सात वर्षं होतील. तिला एकदा सांगायला बसलो होतो. सुरुवातही केली. मग बोलता बोलता विषय गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर नेला आणि ती म्हणाली, "एवढंच सांगायला रेडिओ बंद केलात?" मी हो म्हटलं.

मी असाच आहे. सरळ जायचं तिथे दोन गल्ल्या वळसा घालून जातो. आताही तसंच होईल बहुतेक. थोडं सांभाळून घ्या — नको, सांभाळून घेऊ नका. ऐका फक्त.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत टायपिस्ट होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती आता उरलेली नाही, आणि त्या नावामागे लपायची मला इच्छाही नाही. घर डोंबिवली पूर्वेला, सायकलने वीस मिनिटं. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं मी टाइपरायटर बडवला. दहा प्रकारची पत्रं असायची, तीच ती, फक्त नावं बदलायची. मग दशक संपत आलं तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली वातानुकूलित केली, दाराशी चपला काढायचा नियम झाला, आणि शिकायला कुणी पुढे येईना म्हणून मला बसवलं.

मी शिकलो. खोटी नम्रता कशाला — चांगला शिकलो. त्या यंत्रात एक सोय होती. नेहमीचा मजकूर एकदा लिहून ठेवायचा, त्याला दोन अक्षरांची खूण द्यायची. ती दोन अक्षरं दाबली की सगळं पत्र पडद्यावर हजर. पण नाव, तारीख, गाव या जागा तर दर वेळी वेगळ्या. तेव्हा मी पुस्तक वाचून वाचून शोधून काढलं की त्या मोकळ्या जागी यंत्राला थांबवता येतं आणि प्रश्न विचारायला लावता येतं. पडद्याच्या तळाशी एक ओळ यायची — नाव? तुम्ही नाव लिहायचं, एंटर दाबायचं. की पुढची जागा — गाव? असं शेवटपर्यंत. मजकूर इंग्रजी असायचा, पण प्रश्न मी मराठीतच ठेवले होते, रोमन अक्षरांत. यंत्र आपल्या भाषेत विचारतंय, याचं मला फार कौतुक वाटायचं. इतर कंपन्यांतले क्लार्क बघायला येत. मी खुर्ची मागे सरकवून दाखवत असे.

बाळाराम म्हात्रेलाही मीच दाखवलं.

बाळाराम प्लँटवर ऑपरेटर होता. शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातला, आगरी. घरची काही जमीन एमआयडीसीत गेली, त्यावर घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती याला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं पाण्याच्या टाकीमागे सावलीला बसायचो. त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. डबा उघडायच्या आधी विचारायचा, "केलकर, वास आला तं सांग, वाऱ्याच्या खालती बसतो." आणि चटणीला हात लावण्याआधी अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायचा. "घे. ही सोवली." त्याची बायको सुमन भाकरी थापायची ती कागदासारखी पातळ. तशी भाकरी मी पुन्हा खाल्लेली नाही.

तर एकदा मी त्याला चपला काढायला लावून त्या थंड खोलीत नेलं आणि त्याच्याच रजेचा अर्ज करून दाखवला. यंत्राने विचारलं — नाव? गाव? किती दिवस? तो हसायला लागला. म्हणाला, "आमच्या गावचा भगत पन असाच इचारतो. नाव काय, गाव काय, कवापासून धरलंय!" मग प्रश्न आला — कारण? इथे मला माझी खरी करामत दाखवायची होती. प्रश्नाबरोबर एक उत्तर आधीच भरून ठेवता येत असे. काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं की ते तयार उत्तर छापलं जाई. मी एंटर दाबलं. अर्जात आलं — घरगुती काम.

"आरं, पन माझी म्हस व्यालीय," बाळाराम म्हणाला. "घरगुती काम कसला?"

"सगळे तेच लिहितात रे."

"मंग इचारतो तरी कशाला?"

मी हसलो. तोही हसला. त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. द्यायला हवं, असं तेव्हा वाटलंच नाही.

आता अपघाताच्या कागदाकडे यायला हवं.

कारखान्यात कुणाला इजा झाली की सरकारी निरीक्षकाकडे अहवाल जायचा. त्याचाही मी साचा बनवला होता. कामगाराचं नाव, वय, वेळ, जागा, इजा कुठे — आणि अपघाताचं कारण. सुरुवातीला कारणाच्या जागी उत्तर भरलेलं नव्हतं. यंत्र थांबायचं, मी शिफ्टच्या अधिकाऱ्याची चिठ्ठी बघायचो आणि चिठ्ठीत असेल ते लिहायचो. पण चिठ्ठीत बहुतेक वेळा एकच गोष्ट असे — कंपनीने दिलेलं सुरक्षा साधन कामगाराने वापरलं नव्हतं. कधी हातमोजे, कधी बूट. ते खरं असे का? कधी असे, कधी नसे. मी टायपिस्ट होतो, मला कोण विचारतो?

एक दिवस मी ते वाक्य तयार उत्तर म्हणून भरून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर माझ्या मनात मी ते किती तरी वेळा साहेबांच्या तोंडी घातलं आहे. साहेबांनी सांगितलं नव्हतं. मला सुचलं. दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला होता आणि शिवाय ते सुबक होतं. त्या वाक्यात एक मोकळी जागा ठेवली, साधनाच्या नावासाठी. म्हणजे एंटर दाबलं की यंत्र पुढे विचारी — कोणतं साधन?

साहेबांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "वा केळकर, आता चिठ्ठीचीही गरज नाही." आणि खरंच, हळूहळू चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या.

बाळारामचा अपघात नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांतला. सकाळची वेळ, चहाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी एका कागदावर सही घ्यायला प्लँटवर गेलो होतो. बाळाराम ॲसिडच्या पाइपापाशी उभा होता. त्याने मला पाहिलं आणि हात वर केला. मीही केला. त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता — कंपनीचा, रबरी पट्ट्याचा. काचांवर इतके चरे पडले होते की आतले डोळे दिसत नव्हते. एका बाजूचं, कानाकडचं झापड कधीच तुटून गेलं होतं. तशाच चष्म्यांनी सगळे काम करत.

मी जिन्यापर्यंत पोचलो असेन, तोच मागे ओरडा झाला. पाइपाचा जोड सुटला होता.

मी धावत परत आलो तोवर त्याला नळाखाली धरलं होतं. चौघांनी धरलं होतं. त्याचा आवाज — तो राहू दे. चष्मा नळाच्या बाजूला गटारात पडला होता. पट्टा तुटलेला. मी त्या चष्म्यापासून दोन हातांवर उभा होतो. ॲसिड समोरून आलंच नव्हतं, तुटक्या झापडाच्या बाजूने आत शिरलं होतं, हे पोरालाही कळलं असतं. मी तो चष्मा पाहिला. उचलला नाही. संध्याकाळपर्यंत गटार धुऊन निघालं.

दुपारी अहवाल करायला बसलो. साहेब दारात उभे. "झालं का केळकर? निरीक्षकाकडे न्यायला गाडी खाली थांबलीय." एवढंच म्हणाले. नाव, वय, वेळ, जागा. डोळे — दोन्ही. मग तळाशी ती ओळ आली — कारण?

मी किती वेळ थांबलो? मला वाटतं, फार नाही. बराच वेळ थांबलो होतो, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मनात एवढंच आलं की दुसरं काही लिहिलं तर विचारतील, तुला कसं ठाऊक? मग मला सांगावं लागेल की मी पाहिलं. मग साक्षीला बोलावतील. मग ती थंड खोली, ती खुर्ची...

एंटर दाबलं.

पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो — मी फक्त एंटर दाबलं. एक बटण. वाक्य तर आधीपासून तिथे होतंच. पण तेही खोटं आहे. मी आताच तुम्हाला सांगितलं ना, त्या वाक्यात एक मोकळी जागा होती? यंत्र पुन्हा थांबलं. पुन्हा विचारलं — कोणतं साधन? आणि मी लिहिलं. चष्मा. इंग्रजीत सात अक्षरं होतात. सातही अक्षरं मी माझ्या बोटांनी, एक एक करून, न चुकता टाइप केली.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ... पण कबुली द्यायची ती अजून यायची आहे.

महिनाभराने अहवालाच्या कंपनीकडच्या प्रतीवर बाळारामची सही हवी होती — वाचून दाखवला, मान्य आहे, अशी. एक डोळा गेला होता. दुसऱ्याने उजेड-अंधार एवढंच कळायचं. तो घरी आला होता. ऑफिसने मला पाठवलं. तुझा दोस्त आहे, तूच जा.

ओटीवर तो खाटेवर बसला होता, डोळ्यांवर पट्टी. सुमनवहिनींनी चहा दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी कागद उघडला आणि मराठीत सांगत गेलो. त्या ओळीवर आलो. सांगितली. "चष्मा लावला नव्हता, असं लिहिलंय."

त्याने डोळ्यांवरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "मना चाय पिली तवरचा आठवतं. फुडं येकदम पानी. मदलं काय आठवत नाय." मान हलवून, "असंल. तू लिवलाय म्हंजे असंल."

तू लिवलाय म्हंजे असंल.

वहिनी चौकटीतूनच बोलल्या, त्याला, मला नाही — "दोन पोरांचा बाप! चष्मा लावायला काय हात मोडलं व्हतं?" मी त्याचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. त्याने सही केली, वेडीवाकडी, ओळ सोडून खाली गेलेली. मी चहा संपवला.

कंपनीने त्याला काढलं नाही. गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं, उपकार केल्यासारखं. आणि मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की सुरक्षा सप्ताहात बाळारामला बोलायला लावू. नव्या कामगारांवर परिणाम होतो. शेडमध्ये मांडव घालत, हार घालत, त्याला हाताला धरून माइकपाशी नेत. तो सांगायचा — मी चष्मा लावला नाही, आज माझ्याकडे बघा, तुम्ही माझ्यासारखे वागू नका. टाळ्या पडत. भाषण कुणी लिहिलं? मीच. त्याच्याकडून पाठ कुणी करून घ्यायचं? मीच. दर वर्षी जेवणाच्या सुट्टीत गेटच्या केबिनमध्ये बसून मी वाक्य म्हणायचो, तो मागून म्हणायचा. चांगलं म्हणायचा. पहिल्या वर्षी अडखळत होता, पुढे पुढे त्यात स्वतःची वाक्यं घालू लागला. "कटाला आला म्हनून काढला असंल मी," असं एकदा म्हणाला. कंटाळा आला म्हणून. जे घडलं नव्हतं त्याला तो कारण शोधत होता. तयार उत्तर मी दिलं होतं, आता तो ते स्वतःच्या मनाने भरत होता.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी — अशीच तालीम चालली होती — तो मध्येच थांबला. म्हणाला,

"केलकर, येक इचारू? त्या दिवशी तू खालती आलतास ना? प्लँटवरचा गनपत सांगत व्हता, तुना कागद घेऊन जाताना बगला."

मी हो म्हटलं.

"मंग तू मना बगला व्हतास का? चष्मा व्हता का रं माझ्या डोल्यांवर? मना कवा कवा वाटतं, व्हता. पट्टा कानाला लागत व्हता, असा वाटतं. पन मंग वाटतं, मी आपला मनाला समजावतो."

त्याने तोंड माझ्या दिशेने वळवलं होतं. थोडंसं चुकीच्या दिशेने, माझ्या खांद्याकडे. केबिनमध्ये आम्ही दोघंच. साहेब नव्हते. कागद नव्हता, सही नव्हती. एंटर दाबायचं नव्हतं. खरं बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती का? कदाचित. कदाचित नाही. तो कुणाला सांगायला गेला असता, असंही मला वाटत नाही. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. स्वतःपुरतं. रात्री उशीला डोकं टेकताना, एवढंच.

मी म्हटलं, "नाही रे. माझं लक्ष नव्हतं. मी आपला कागद घेऊन सरळ गेलो."

"बरा," तो म्हणाला. "मंग नसंलच लावला."

आणि म्हणाला, चल, म्हण पुढचं.

मी पुढचं वाक्य म्हटलं.

हे ते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अहवालाचं मी एखाद्या वेळी सांगूनही टाकलं असतं — ऑफिस, साहेब, घाई, सगळे असंच करायचे, असं म्हणून. माणसं मान डोलावतात. पण केबिनमधलं काय सांगणार? तिथे मी एकटा होतो आणि समोर माझ्या डब्यात भाकरी ठेवणारा माणूस होता.

पुढे कंपनी बंद पडली. मी एका छापखान्यात लागलो, मग घरीच बसलो. बाळारामकडे वर्षातून एकदा, गणपतीत, जात राहिलो. का जायचो? न जाण्याने कुणाला संशय आला असता म्हणून? की खरंच भेटावंसं वाटायचं? दोन्ही. मला वेगळं करता येत नाही. त्यांच्या घरी एक गोष्ट ठरूनच गेली होती. पोरं वात्रटपणा करायला लागली की सुमनवहिनी म्हणत, "बापावर गेलाय, बेफिकीर." मोठा मुलगा जितेंद्र, आता रिक्षांचं गॅरेज चालवतो. तो हाताखालच्या माणसांना बापाचं उदाहरण देतो. बाळाराम ते ऐकत बसायचा. कधी हसायचासुद्धा.

गेल्या वर्षी तो गेला. दहाव्याला मी गेलो होतो. माणसं जेवून उठली तेव्हा वहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "केलकरभाऊ, मरायच्या आदल्या दिवशी माझा हात धरला. बोलले, सुमन, मना माफ कर, मी तवा चष्मा लावला नाय. तुझा जलम वाया घालवला." मग त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मी माफ करते, असा बोलली नाय. मना राग व्हता अजून. उद्या बोलू, म्हटला. उद्या झालाच नाय."

मी तिथे होतो. समोर होतो. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? जितेंद्रने पानाचा डबा पुढे केला आणि मी पान घेतलं.

त्यालाही वर्ष होत आलं. मी शहात्तर वर्षांचा आहे, आणि या वर्षभरात बहुतेक दुपारी मी वहिनींना मनातल्या मनात सांगितलं आहे. त्याने काही होत नाही.

तुम्हाला आधी सांगितलं, कारण त्यांच्या ओटीवर माझ्या तोंडातून शब्द निघेल याची मला खात्री नाही. निघाला नाही तर हा कागद देईन. वहिनींना वाचता येत नाही, जितेंद्र वाचून दाखवेल. म्हणून त्या दोघांसाठी साधं लिहितो. बाळाराम म्हात्रेने त्या दिवशी चष्मा लावला होता. मी पाहिला होता. त्याने मला विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो.

रविवारी गॅरेज बंद असतं, दोघंही घरी असतात. सकाळी रिक्षाने जाईन. मला कुणी बसा म्हणावं म्हणून जात नाही. त्यांना जे बोलायचं ते त्यांनी माझ्यासमोर बोलावं किंवा मी निघाल्यावर बोलावं. ते आता त्यांच्या घरातलं बोलणं आहे.